जुन्या विंचेस्टरची माशी: बदललेली की हिशेबाने बसवलेली?

जुन्या अमेरिकन रायफलींचे फोटो मंडळात फिरू लागले की एक शेरा हटकून येतो: "पुढची माशी मूळची नाही, बदललेली आहे." पाठोपाठ सल्लाही ठरलेला, ती काढा आणि कारखान्याच्या नमुन्याची बसवा. माझं म्हणणं एवढंच की आधी मोजा. माशीची उंची हा त्रिकोणाचा हिशेब आहे, आणि तो उलटा सोडवला तर मूळ मालकाने ती रायफल कशी वापरली हे बरंचसं कळतं.

माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा छोटा उंचवटा. पोलिसांच्या बोलीत फोरसाईट. मागे नळीवर खाच असते आणि नेम धरताना माशीचं टोक त्या खाचेत बसवायचं. माशी उंच केली, तर तिला खाचेच्या पातळीत आणायला नळीचं तोंड खाली झुकवावं लागतं, म्हणून गोळी खाली लागते. थोडक्यात, गोळी वर जात असेल तर माशी उंच हवी, खाली जात असेल तर ठेंगणी. इथे भल्याभल्यांचा घोळ होतो, कारण मागच्या खाचेचा नियम बरोब्बर उलटा आहे.

आता किती उंच? गोळी जितकी चुकली ते अंतर गुणिले माशी आणि खाच यांमधलं अंतर, भागिले निशाणापर्यंतचं अंतर. जॉन ब्राउनिंगने आखलेल्या १८९४ च्या विंचेस्टरचं उदाहरण घेऊ. चापाभोवतीची कडी खाली ओढून परत वर घेतली की नवं काडतूस नळीत, अशी ही लिव्हर-ॲक्शन रायफल. समजा माशी आणि खाच यांत १७ इंच आहेत आणि ५० यार्डांवर, म्हणजे १८०० इंचांवर, गोळी ४ इंच वर लागते. ४ गुणिले १७ भागिले १८०० म्हणजे सुमारे ०.०३८ इंच. जेमतेम एक मिलिमीटर!

मग मागची खाचच खाली का नाही करायची? कारण तिच्याखालच्या पट्टीला ठरावीक पायऱ्या असतात आणि एकेक पायरी बरीच मोठी उडी घेते. शिवाय सर्वांत खालच्या पायरीवरही गोळी वरच जात असेल, तर पुढे वाटच नाही. जाणता माणूस माशी अशी निवडतो की जवळच्या पल्ल्याला खालची एखादी पायरी पुरेल आणि लांबच्या पल्ल्यासाठी वरच्या शिल्लक राहतील. (आपल्याकडच्या ईशापूरच्या थ्री-नॉट-थ्रीला ही माशी १५ सहस्रांश इंचाच्या फरकाने वेगवेगळ्या उंचीत मिळायची, शस्त्रागारातला आर्मरर योग्य ती बसवी. विंचेस्टर विकत घेणाऱ्याला हे स्वतःच करावं लागे.)

खरी मजा पीप साईटमध्ये आहे. विल्यम लायमनने १८७९ मध्ये अशा साईटचं पेटंट घेतलं. खाचेऐवजी बारीक भोक, आणि तेही डोळ्याजवळ, टँगवर, म्हणजे दस्त्याच्या वर मागे जाणाऱ्या पोलादी जिभेवर. त्याने दोन गोष्टी बदलतात. एक, दोन साईटमधलं अंतर वाढतं. ते २६ इंच धरलं तर वरच्याच चुकीला ०.०५८ इंच लागतील. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: पीपची सर्वांत खालची जागासुद्धा खाचेपेक्षा उंच पडली, तर पुढची माशीही उंच घ्यावीच लागते.

पुढे वारसदार ती पीप काढून ठेवतात, हरवतात. उरते एकटी उंच माशी आणि टँगवरचं एखादं आटे पाडलेलं भोक. संग्राहकाला ती 'भेसळ' वाटते. तो ती काढून नवी नक्कल बसवतो आणि पुरावा जातो. मला याची फार चीड येते. गंजही जे पुसत नाही ते हे 'जीर्णोद्धारवाले' पुसतात.

फरक किती आहे हेही बोलकं असतं. चाळीसेक सहस्रांश इंच असेल तर बहुधा काडतूस बदललं: गोळीचं वजन किंवा दारू वेगळी. दीड-दोनशे सहस्रांश असेल तर मागे दुसरा साईट होता का, ते शोधा.

मोजताना एक पथ्य. नळी मागे जाड आणि पुढे निमुळती असते, त्यामुळे नळीच्या पाठीवरून घेतलेल्या उंच्यांची थेट तुलना करू नका. व्हर्नियरने माशीच्या टोकापासून नळीच्या खालच्या कडेपर्यंतचं माप घ्या, त्यातून त्याच जागचा नळीचा अर्धा व्यास वजा करा. म्हणजे नळीच्या मध्यरेषेपासूनची उंची मिळेल. मागच्या साईटचीही तशीच काढा. दोन्ही आकडे आणि दोघांमधलं अंतर फोटोखाली लिहून ठेवा.