एक नाव, अनेक कृती : संगणक-भाषांतील वारसा आणि नावांची निवड

'दार लावा', 'दिवा लावा', 'झाड लावा' या तिन्ही वाक्यांत क्रियापद एकच आहे. परंतु करावयाचे काम प्रत्येक वेळी निराळे. ऐकणारा कर्माकडे पाहतो आणि अर्थ ठरवितो. संगणकाला आज्ञा देण्यासाठी रचलेल्या पुष्कळ भाषांत हीच सोय आहे. एकाच नावाच्या अनेक कृती लिहिता येतात आणि कृतीला दिलेले मूल्य कोणत्या प्रकारचे आहे, यावरून त्यांतील कोणती चालवावयाची हे ठरते. या सोयीला 'ओव्हरलोडिंग' म्हणतात. आपण तिला समनाम योजना म्हणू.

दुसरी सोय वारशाची. सारख्या गुणधर्मांच्या वस्तूंचे वर्णन एके ठिकाणी लिहिले, की त्यास वर्ग म्हणतात. एका वर्गाच्या आधाराने दुसरा रचता येतो. मूळ वर्गाच्या कृती या उपवर्गाला आयत्या मिळतात आणि त्याला वाटल्यास त्यांत तो बदलही करू शकतो. ऑस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान डाल व क्रिस्तेन न्यूगोर यांनी सिद्ध केलेल्या 'सिम्युला ६७' या भाषेत ही कल्पना प्रथम स्पष्ट रूपाने आली.

दोन्ही सोयी वेगवेगळ्या पाहिल्या तर सरळ आहेत. त्या एकत्र आल्या म्हणजे मात्र एक प्रश्न उभा राहतो : मूळ वर्गातील समनाम कृती आणि उपवर्गातील समनाम कृती यांना एकाच पंगतीला बसवावयाचे की नाही?

असे समजा, की 'खाते' या वर्गात 'जमा' नावाची कृती आहे आणि ती पैशांची पूर्णांक संख्या घेते. 'बचतखाते' हा तिचा उपवर्ग. त्याच्या लेखकाने 'जमा' नावाचीच आणखी एक कृती लिहिली. ती बत्तीस बिटांची दशांश संख्या घेते. आता एका बचतखात्यात १,६७,७७२ रुपये १७ पैसे, म्हणजे १,६७,७७,२१७ पैसे, ही पूर्णांक संख्या जमा करण्याची आज्ञा दिली. पूर्णांकासाठी मुद्दाम लिहिलेली कृती मूळ वर्गात असल्यामुळे तीच चालेल, असे कोणासही वाटेल. 'सी प्लस प्लस' या भाषेत तसे होत नाही. तेथे दशांशाची कृती चालते. बत्तीस बिटांच्या दशांश संख्येत चोवीसच सार्थ बिट मावतात. त्यामुळे ही रक्कम १,६७,७७,२१६ अशी नोंदली जाते. एक पैसा नाहीसा होतो, आणि आज्ञावली निमूटपणे पुढे जाते.

याचे कारण शोधण्याच्या क्रमात आहे. आज्ञावली चालू होण्यापूर्वी तिचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा अनुवादक, म्हणजे कंपायलर, प्रथम केवळ नाव शोधतो. ते नाव उपवर्गात सापडले, की तो तेथेच थांबतो. वरच्या वर्गाकडे पाहतच नाही. मूल्याच्या प्रकाराचा विचार त्यानंतर आणि सापडलेल्या कृतींपुरताच होतो. उपवर्गातील नाव मूळ वर्गातील त्याच नावाला झाकून टाकते, असे म्हणावयास हरकत नाही.

हा नियम लहरीने केलेला नाही. समजा, सर्वच नावे एकत्र मोजली असती, तर चार पिढ्या वरच्या एखाद्या वर्गात कोणी नवी 'जमा' लिहिताच खालच्या वर्गातील जुन्या आज्ञेचा अर्थ तिच्या लेखकाच्या नकळत बदलू शकला असता. दोन धोक्यांपैकी एक पत्करावयाचा होता. ज्याला मूळ वर्गाच्या कृतीही हव्या असतील, त्याने उपवर्गात 'यूझिंग' या शब्दाने तसे लिहावे, एवढी वाट भाषेने मोकळी ठेवली आहे.

१९९५ साली प्रसिद्ध झालेल्या 'जावा' भाषेने उलट निर्णय घेतला. तेथे दोन्ही वर्गांतील समनाम कृती एकत्र मोजल्या जातात; आपल्या उदाहरणात पूर्णांकाची कृती निवडली जाते आणि पैसा वाचतो. २००२ पासून वापरात असलेली 'सी शार्प' मधल्या मार्गाने जाते : उपवर्गातील कृती लागू पडत असेल तर तीच, नसेल तरच वर पाहावयाचे. पूर्णांकाचे दशांशात रूपांतर तेथे आपोआप होते. म्हणून आपला पैसा तेथेही जातो.

तथापि जावातही एक खाचखळगा आहेच, आणि तो अधिक फसवा आहे. उपवर्गाने मूळ वर्गाची कृती नावासह आणि मूल्यांच्या प्रकारांसह तंतोतंत तशीच पुन्हा लिहिली, तर ती मूळ कृतीची जागा घेते. यास 'ओव्हररायडिंग' म्हणतात. कोणाची कृती चालवावयाची, हे प्रत्यक्ष वस्तू पाहून आज्ञावली चालू असताना ठरते. समनाम कृतींतील निवड मात्र अनुवादक आधीच करून ठेवतो, आणि तीही मूल्याच्या घोषित प्रकारावरून.

जावातील सर्व वर्गांचा मूळपुरुष 'ऑब्जेक्ट' याच्याकडे समानता तपासणारी 'इक्वल्स' ही कृती आहे. ती कोणतीही वस्तू घेते. ग्रंथालयाच्या आज्ञावलीत एखाद्याने 'पुस्तकपत्र' हा वर्ग रचला आणि 'पुस्तकपत्र'च घेणारी 'इक्वल्स' लिहिली. दाखल क्रमांक सारखे, तर पत्रे समान, असा त्याचा हेतू. परंतु प्रकार बदलल्यामुळे जुन्या कृतीची जागा घेतली गेली नाही. शेजारी एक नवी समनाम कृती तेवढी उभी राहिली. जावाची तयार यादी शोध घेताना 'कोणतीही वस्तू' घेणारी जुनी कृतीच बोलाविते, आणि ती दोन्ही पत्रे म्हणजे स्मृतीतील एकच वस्तू आहे काय, एवढेच पाहते. यादीत असलेल्या पुस्तकाविषयी 'नाही' असे उत्तर येते. लेखक स्वतः दोन पत्रे ताडून पाहतो, तेव्हा त्याची नवी कृती चालते आणि सर्व ठीक दिसते! असा दोष हुडकण्यात दिवस जाऊ शकतात.

यासाठी २००४ साली जावात 'ओव्हरराइड' ही खूण आली. 'ही कृती जुनीची जागा घेणार आहे' असे लेखकाने तिच्याद्वारे जाहीर करावयाचे. तसे घडत नसेल तर अनुवादक काम थांबवितो. सी प्लस प्लसनेही २०११ च्या प्रमाणात असाच शब्द स्वीकारला. खूण ऐच्छिक असल्यामुळे न लिहिणाऱ्याचे रक्षण होत नाही, हे उघडच आहे.

'जुलिया' या २०१२ साली प्रकट झालेल्या भाषेने (तिच्या चार निर्मात्यांत विरल शहा हे एक) ही दुहेरी व्यवस्थाच मोडली. तेथे कृती वर्गाच्या आत राहत नाहीत. निवड करताना सर्व मूल्यांचे प्रत्यक्ष प्रकार सारख्याच अधिकाराने पाहिले जातात. दोन पुस्तकपत्रांच्या समानतेसाठी लिहिलेली कृती तेथे यादीच्या शोधातही सापडते.