पवनाकाठचा पावसाळा

जुलै उजाडला की पिंपळे सौदागरचे आकाश राखी होते आणि तसेच राहते. पाऊस मोठा नसतो, पण तो थांबतही नाही. छत्री उघडावी तर सर ओसरते, मिटावी तर भुरभुर पुन्हा सुरू होते. या झडीत येथील रहिवाशास दोन पावसांचा हिशेब ठेवावा लागतो. एक पाऊस दारातला, दुसरा मावळातला.

अरबी समुद्रावरून येणारे नैऋत्य मोसमी वारे सह्याद्री चढताना थंड होतात आणि आपला बहुतेक भार घाटमाथ्यावरच रिता करतात. त्यामुळे लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पन्नास-साठ किलोमीटरवरील पुणे परिसरात तो सातशेच्या आसपास राहतो. पिंपळे सौदागरच्या वाट्यास येतो तो हा उरलेला, सौम्य पाऊस. शेतकऱ्याने पुनर्वसू नक्षत्राच्या पावसाला ‘तरणा’ आणि त्यामागून येणाऱ्या पुष्याच्या पावसाला ‘म्हातारा’ म्हटले. शेतांच्या जागी आता उंच इमारती उभ्या राहिल्या असल्या, तरी जुन्या घरांतून ही नावे अद्याप विसरली गेलेली नाहीत.

या सौम्यपणातच येथील पावसाळ्याचे सुख आहे. पहाटपाळीचे कामगार रेनकोट घालून कंपनीच्या बसची वाट पाहतात, तेव्हा चहाच्या टपरीवर आले ठेचले जात असते. हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत जाणारे तरुणही त्याच टपरीच्या छपराखाली अंग चोरून उभे असतात. सायंकाळी हातगाडीवर निखाऱ्यावरची मक्याची कणसे तडतडतात. तिखटमिठात बुडवलेली लिंबाची फोड त्यांवरून फिरली की घर गाठण्याची घाई थोडी कमी होते. भाजीबाजारात टाकळा, कुर्डू, करटोली अशा रानभाज्या दिसू लागतात. त्यांचे आयुष्य चार-सहा आठवड्यांचेच, म्हणून त्यांचे अप्रूपही मोठे.

कांदाभजीचे माहात्म्य मात्र केवळ जिभेचे नाही. उन्हाळ्यात साठवलेला कांदा दमट हवेत सडू लागतो, त्यास कोंब फुटतात. शिवाय आषाढी एकादशीपासून चातुर्मासात अनेक घरी कांदा-लसूण वर्ज्य होतो. एकादशीच्या दोन दिवस आधी येणारी कांदेनवमी हा त्यावरचा व्यवहारी तोडगा होय. नैवेद्याहून भज्यांचीच आठवण अधिक राहते, हे मान्य करण्यास हरकत नसावी.

कपडे वाळत नाहीत, ही गृहिणींची तक्रार मात्र खरी. हवाच बाष्पाने भरलेली असल्याने कापडातील ओल तिच्यात सहज सामावत नाही. पंख्याखाली कपडे लवकर वाळतात ते उष्णतेमुळे नव्हे. कापडालगतचा ओलसर हवेचा थर वाऱ्याने सतत हलत राहतो, म्हणून.

दारातल्या पावसाने असे दिवस गोड होतात, पण नळास पाणी येते ते मावळातल्या पावसामुळे. मावळ तालुक्यातील पवना धरणाची साठवण सुमारे साडेआठ टीएमसी आहे. तेथून सोडलेले पाणी नदीवाटे रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते, तेथे उचलले जाऊन निगडी येथे शुद्ध होते आणि शहरात पोहोचते. लोकसंख्या वाढत गेली, धरण तेवढेच राहिले. नोव्हेंबर २०१९ मध्ये पिंपरी-चिंचवडला एक दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला, तोही त्याच वर्षी धो धो पाऊस होऊन गेल्यावर. म्हणूनच अंगणात चिखल असतानाही येथील माणूस वर्तमानपत्रात प्रथम धरणाचा टक्का शोधतो.

गच्चीवरचे पाणीही थोडेथोडके नसते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. पाचशे चौरस मीटरच्या गच्चीवर सातशे मिलिमीटर पाऊस पडला तर साडेतीन लाख लिटर पाणी पडते. ते गाळून विंधन विहिरीत मुरवले, तर उन्हाळ्यात टँकर कमी लागतात. त्यासाठी पन्हळी, पाइप आणि गाळणी मे महिन्यातच साफ व्हावयास हवीत. पहिल्या सरीनंतर ती आठवून उपयोग नसतो.

श्रावण जवळ येतो तसे धरण भरत येते आणि विसर्ग सुरू होतो. त्याचा आकडा क्युसेकमध्ये जाहीर होतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदास सुमारे २८ लिटर. गावात भुरभुरच चालू असते आणि नदी मात्र फुगत जाते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२४ मध्ये पवना व मुळेचे पाणी काठच्या वस्त्यांत शिरले होते. पिंपरीकडे जाणाऱ्या पुलावर पाणी पाहण्यास गर्दी जमते, त्याच वेळी सखल भागातील कुटुंबे धान्याचे डबे, शाळेची दप्तरे आणि शिधापत्रिका माळ्यावर चढवीत असतात.