पुन्हा मातीत (भाग ६) : बैठका की वजन?

टाके निघाल्यावर गुडघा पूर्ण सरळ कसा करायचा, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. गुडघा सरळ झाला, सूज ओसरली, दुखणं थांबलं, की पोरगं बरं झालं असं सगळ्या घराला वाटतं. खरी मेहनत तिथून सुरू होते.

चैत्र लागला की बारामती-इंदापूरकडे गावोगाव जत्रा भरतात आणि जत्रेत कुस्त्यांचं मैदान होतं. असंच एक मैदान तोंडावर असताना इंदापूर तालुक्यातला एक पैलवान माझ्याकडे आला. गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन होऊन पाच महिने झाले होते. म्हणाला, "सर, आता काहीच दुखत नाही. रोज दोनशे बैठका मारतोय. जोड लावू का?"

मी टेप काढली. वाटीच्या वरच्या कडेपासून दहा सेंटिमीटरवर पेनाने खूण केली आणि दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. ऑपरेशनचा पाय तीन सेंटिमीटरने कमी भरला. मग त्याला आरशासमोर बैठका मारायला लावल्या. सातव्या-आठव्या बैठकेला कंबर हळूच चांगल्या पायाकडे सरकू लागली. त्याला कळतही नव्हतं. दोनशेतल्या बहुतेक बैठका एकच पाय मारत होता!

यात त्या पोराची चूक नाही. सांध्यात सूज असली की मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारा हुकूमच दबतो. स्नायू शाबूत असतो, पण पूर्ण जोराने आवळत नाही, आणि न वापरल्याने आठवड्याभरात वाळायला लागतो. पुढे सूज गेली तरी शरीराला चांगल्या पायावर भार टाकायची सवय लागलेली असते. बैठकांचा आकडा वाढवून ती सवय मोडत नाही, उलट पक्की होते.

वाळलेल्या स्नायूला लागतं ते वजन. हे ठामपणे मांडलं थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरने, 1945 साली. दुसऱ्या महायुद्धात गुडघे जायबंदी झालेले सैनिक हलके व्यायाम शेकडो वेळा करून महिनोन् महिने दवाखान्यात पडून होते. त्याने त्यांना जड वजन थोड्या वेळा उचलायला लावलं आणि ताकद आली तसं वजन वाढवलं. आपल्या तालमींना हे नवं नाही. गळ्यात दगडी कडं घालून बैठका मारायची रीत याच समजुतीतून आली असणार.

म्हणून त्या पैलवानाच्या दोनशे बैठका मी बंद केल्या. पाठीवरच्या दप्तरात पाच किलो ज्वारी, समोर ओट्याची पायरी, आणि चढायचं फक्त ऑपरेशनच्या पायाने. खालच्या पायाने रेटा द्यायचा नाही. आठ-दहा वेळा कसंबसं जमेल एवढंच वजन, असे तीन फेरे, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा फुगलेला दिसला तर वजन कमी, नाही तर पुढच्या आठवड्यात किलोभर जास्त. (हे पाचव्या महिन्यातल्या गुडघ्याचं गणित आहे. दुसऱ्या महिन्यात कुणी हे करू नये. तेव्हा ऑपरेशनमध्ये लिगामेंटच्या जागी बसवलेली नस आतून सगळ्यात कच्ची असते, आणि ती कच्ची आहे हे दुखून कळत नाही. किती वजन, कोणत्या कोनात, हे आपल्या फिजिओला विचारूनच ठरवा.)

"पण विनेश तर सहा महिन्यांच्या आत खेळली," तो म्हणाला. खरं आहे. ऑगस्ट 2023 मध्ये मुंबईत विनेश फोगाटच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि फेब्रुवारीत ती राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. पण ऑलिंपिकच्या तयारीतल्या पैलवानाच्या दिमतीला तज्ज्ञ माणसं असतात. एसटीने महिन्यातून एकदा तपासायला येणाऱ्या पोराने तिच्या तारखा धरू नयेत, असं मला कळकळीने वाटतं. असंच ऑपरेशन झालेल्या 106 खेळाडूंचा दोन वर्षं मागोवा घेणारा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यात नऊ महिन्यांपर्यंत, खेळ जितके महिने लांबवला तितक्या दर महिन्याला गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण निम्म्याने घटलेलं दिसलं. मांडीची ताकद दोन्हीकडे सारखी होऊन उतरलेले कमी दुखावले, हेही त्यातच दिसलं.

त्या जत्रेत तो लढला नाही. मैदानाच्या कडेला हलगीवाल्याशेजारी बसून त्याने सगळ्या कुस्त्या पाहिल्या. गेल्या सोमवारी तो पुन्हा आला. दप्तरात आता अकरा किलो आहेत, आणि टेपवरचा फरक दीड सेंटिमीटरवर आलाय.

(पुढच्या आठवड्यात : एका पायावरची उडी)