हृदयविकार आणि पळणे : नाडी सांभाळून चला



हृदयविकार निघाला की आपल्याकडे दोन प्रकार दिसतात. कोणी भीतीपोटी खाटच धरतो, तर कोणी घरात कळू न देता पोलीस भरतीच्या पोरांबरोबर पूर्वीसारखाच पळतो. दोन्ही चूक. १९७३ साली कॅनडातील टोरांटोचे डॉ. टेरेन्स कॅव्हाना यांनी झटका येऊन गेलेल्या आपल्या काही रुग्णांना पद्धतशीर सराव देऊन बोस्टन मॅरेथॉनमध्ये उतरवले. आज या आजारात बेतशीर व्यायाम हाही उपचाराचा भाग मानला जातो.

हृदय म्हणजे आपल्या विहिरीवरचा पंपच समजा. सावकाश, नियमित पळण्याने एका ठोक्यात जास्त रक्त फेकले जाते आणि स्नायू त्यातला प्राणवायू नीट वापरतात. मग तेच काम कमी ठोक्यांत भागते. पण पाइप चोंदलेला असताना पंप एकदम जोरात चालवला तर काय होईल, ते शेतकऱ्याला सांगायला नको.

मर्यादा कशी ठरवावी? सकाळी उठल्याबरोबर मनगटावर अंगठ्याच्या खाली दोन बोटे ठेवून १५ सेकंद ठोके मोजा व चारने गुणा. समजा वय ५० आणि नाडी ७०. २२० मधून वय वजा केले की १७०, त्यातून नाडी वजा केली की १००. या शंभराचे ४० ते ६० टक्के नाडीत मिळवले की ११० ते १३० ठोके येतात. हा झाला ढोबळ हिशेब. रुग्णाने मात्र आपला आकडा डॉक्टरांकडूनच घ्यावा. पट्ट्यावर चालवून काढलेल्या आलेखात ज्या ठोक्याला त्रास दिसतो, त्याच्या निदान १० ठोके खाली राहावे लागते.

नाडी मंदावणाऱ्या गोळ्या (बीटा ब्लॉकर) चालू असतील तर वरचा हिशेब लागू पडत नाही. अशा वेळी सोपी खूण म्हणजे पळताना बरोबरच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दम लागून शब्द तुटू लागले की चाला. पळता यावे म्हणून गोळी मनानेच बंद करणे हा जिवाशी खेळ आहे.

झडप फार अरुंद झालेली असेल किंवा हृदयाचा स्नायू जाड झाला असेल, तर डॉक्टरांच्या परवानगीवाचून पळूच नये. नियमित पळणाऱ्याची नाडी पन्नासच्या आसपास असू शकते. पण त्याबरोबर चक्कर, अंधारी किंवा थकवा असेल तर ताबडतोब तपासून घ्या.

सुरुवातीला दहा मिनिटे चाला, मग थोडे पळा, परत चाला. थांबतानाही एकदम बसू नका. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि उन्हात त्याच वेगाला नाडी जास्त चढते. म्हणून उन्हाळ्यात दिवस उगवायच्या आत आटपा. एकटे जाऊ नका, घरी सांगून निघा.

छातीत दाब, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, थंड घाम, अशी लक्षणे दिसली की जागीच थांबून बसा. डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची गोळी घ्या आणि १०८ ला फोन लावा. ‘गॅस असेल’ म्हणून वाट बघू नका. ऊस दोन दिवस उशिरा तुटला तरी चालेल, इथे मात्र प्रत्येक मिनिट मोलाचे आहे.