रिटर्न झक्कास, पण कोणापेक्षा?

‘यंदा माझा पोर्टफोलिओ पंधरा टक्के वाढला!’ कॅन्टीनमध्ये कुणी असं म्हटलं की आपण लगेच इम्प्रेस होतो. पण बॉस, एक प्रश्न विचारायचा राहूनच जातो. कोणापेक्षा? त्याच वर्षात बाजार वीस टक्के वर गेला असेल, तर या पंधरात मिरवण्यासारखं काही नाही. आणि बाजार दहा टक्के पडलेला असताना तुमचे चारच टक्के गेले असतील, तर पार्टी तुमच्याकडून! या ‘कोणापेक्षा’चंच नाव बेंचमार्क.

समजा, बुलडाणा जिल्ह्यातल्या मेहकरचा एक तरुण हिंजवडीत आयटीत आहे. त्याची एसआयपी चालू आहे, गावाकडे एफडी आहे आणि आईच्या आग्रहाखातर रजतनगरी खामगावहून घेतलेली थोडी चांदीही आहे. तिन्हींना एकच फूटपट्टी लावली की घोळ झालाच म्हणून समजा.

ज्याची त्याची फूटपट्टी

लार्जकॅप फंडाची तुलना सेन्सेक्स किंवा निफ्टीशी करा, स्मॉलकॅपची स्मॉलकॅप इंडेक्सशी. त्यातही टीआरआय, म्हणजे डिव्हिडंड धरून मोजलेला इंडेक्स घ्या. सेबीनं फेब्रुवारी २०१८ पासून फंडांना हाच निकष सक्तीचा केला, कारण साध्या इंडेक्सला हरवणं तुलनेनं सोपं होतं. चांदीच्या भावातून घडणावळ आणि विकतानाची तूट वजा करा. एफडीत टॅक्स विसरू नका. तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आठ टक्के व्याजाचे हातात ५.६ टक्केच उरतात, सेस वेगळाच.

आणि सगळा पोर्टफोलिओ एकत्र? पैसे ६० टक्के शेअर्समध्ये आणि ४० टक्के एफडीत असतील, तर बेंचमार्कही तसाच मिक्स हवा. इंडेक्सनं १२ आणि एफडीनं ७ टक्के दिले, तर तुमची पासिंग लाइन १० टक्के!

तारखांचा खेळ

दर महिन्याच्या सुरुवातीला दहा हजार भरले, वर्षाअखेर १ लाख २० हजारांचे १ लाख २८ हजार झाले. फक्त पावणेसात टक्के? अजिबात नाही! शेवटचा हप्ता जेमतेम महिनाभरच कामाला होता. एक्सेलमधलं ‘एक्सआयआरआर’ वापरून तारखांसकट हिशेब केला, तर वार्षिक परतावा साडेबारा टक्क्यांच्या वर निघतो. उलट, ‘दहा वर्षांत पैसे डबल’ म्हणजे वर्षाला फक्त ७.२ टक्के.

जादा व्याज, पण कशाच्या बदल्यात?

सेन्सेक्स १९८६ साली सुरू झाला. बुलडाणा अर्बन ही पतसंस्थाही त्याच वर्षीची. आपल्या जिल्ह्यात बऱ्याच घरांना सेन्सेक्सपेक्षा पतसंस्था आणि सहकारी बँका जवळच्या. पण जादा अर्धा-एक टक्का मोजताना जोखीमही मोजायला हवी. मलकापूर अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०२१ मध्ये निर्बंध घातले, तेव्हा खातेदाराला दहा हजारांपर्यंतच रक्कम काढता येत होती. जुलै २०२३ मध्ये तिचा परवानाच रद्द झाला. अशा वेळी ठेव विमा महामंडळ व्याजासकट पाच लाखांपर्यंतच भरपाई देतं, त्यावरची रक्कम बँकेच्या मालमत्तेतून जी सुटेल ती. आणि हा विमा फक्त बँकांना आहे, पतसंस्थांना नाही.

म्हणून बाबांच्या रिटायरमेंटच्या पैशांचा बेंचमार्क निफ्टी नसतो. ‘पाहिजे तेव्हा पूर्ण रक्कम हातात येईल का?’ हाच त्याचा बेंचमार्क.

चटकन चेक करा

* वर्षातून एकदाच मोजा, रोज नको.
* एका वर्षावरून फंड बदलू नका, किमान पाच वर्षं बघा.
* फंड सतत टीआरआयच्या मागे राहत असेल, तर कमी खर्चाचा इंडेक्स फंड काय वाईट?
* एका बँकेत पाच लाखांपेक्षा जास्त ठेव आहे का, हे घरी आजच विचारा.