छावणीबाहेरचे बिऱ्हाड

सप्टेंबर १९४० मध्ये अमेरिकेने सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा केला, तेव्हा बायको-मुलांचा भार असलेल्या माणसाला सहसा सूट मिळे. शिपाई म्हणजे सडा माणूस, असाच तेव्हाचा हिशेब होता. बराकीही त्याच हिशेबाने बांधलेल्या : ओळीने खाटा, पायाशी पेटी, सगळ्यांत मिळून एक न्हाणीघर. पर्ल हार्बरनंतर हा हिशेब कोलमडला. १९४० च्या मध्यावर पावणेतीन लाखांच्या आसपास असलेली फौज युद्धाअखेरीस ऐंशी लाखांच्या पुढे गेली. एवढी सडी माणसे आणणार कुठून? मग लग्न झालेले घेतले, आणि ऑक्टोबर १९४३ पासून मुलाबाळांचे बापही. भरतीचा हुकूम हातात पडल्यावर घाईघाईने लग्न उरकलेली जोडपी होती ती वेगळीच.

या नवऱ्यांच्या पाठोपाठ बायका निघाल्या. आपल्याकडचा सातारा-कोल्हापूरचा शिपाई त्याच युद्धात आफ्रिकेला, इटलीला गेला, तेव्हा त्याची बायको बहुधा गावीच सासू-सासऱ्यांजवळ राहिली आणि मनीऑर्डरची वाट पाहत राहिली. अमेरिकेतल्या विशीतल्या मुलीला एकत्र कुटुंबाचा तो आधार नव्हता, आणि तो धाकही नव्हता. नवरा जहाजावर चढण्याआधीचे जे काही आठवडे हाती आहेत, ते त्याच्याजवळ काढायचे, एवढे तिला कळत होते. सरकारला हे पसंत नव्हते. ‘हा प्रवास खरोखर गरजेचा आहे का?’ असे विचारणारी भित्तिपत्रके स्टेशनांवर लागली होती. त्याच स्टेशनांवर एका हातात सुटकेस आणि कडेवर तान्हे मूल घेतलेल्या बाया खच्चून भरलेल्या गाडीत शिरायची धडपड करत असत.

आणि त्या पोहोचत कुठे? फौजेला हजारो एकर स्वस्त जमीन हवी होती आणि हिवाळ्यातही कवायत करता येईल अशी हवा. म्हणून बऱ्याच छावण्या दक्षिणेत, आडगावांच्या शिवारात उठल्या. मिसुरीतले वेन्सव्हिल हे पाचशेही वस्ती नसलेले गाव. १९४० च्या डिसेंबरात त्याच्या शेजारी फोर्ट लेनर्ड वुडचे काम सुरू झाले आणि आधी हजारो बांधकाम मजूरच येऊन धडकले. लुइझियानातल्या लीझव्हिलजवळ कॅम्प पोक, फ्लोरिडातल्या स्टार्कजवळ कॅम्प ब्लँडिंग, मिसुरीतल्याच निओशोजवळ संदेशवहनाच्या सिग्नल कोअरचा कॅम्प क्राउडर. सगळीकडे गत एकच. बायका येईपर्यंत गावातली बरी खोली मजुरांनी नाहीतर अधिकाऱ्यांच्या कुटुंबांनी धरलेली असे. उरायचे ते गॅरेज, परसातली शेड, मोटारप्रवाशांसाठीच्या लाकडी खोपट्या आणि चुन्याचा हात फिरवून ‘खोली’ म्हणून दिलेले कोंबड्यांचे खुराडेसुद्धा.

सरकारने घरे बांधलीच नाहीत असे नाही. ऑक्टोबर १९४० च्या लॅनहॅम कायद्यात संरक्षण कारखान्यांच्या कामगारांबरोबर कुटुंबवाल्या शिपायांचाही उल्लेख होता. पण प्रत्यक्षात झुकते माप कारखान्यांनाच मिळाले. एप्रिल १९४२ मध्ये बिनजरुरी बांधकामावर बंदी आली, तेव्हा खासगी वाटही आक्रसली. फौजेचे म्हणणे तर्काला धरून होते. प्राथमिक शिक्षण तेरा आठवड्यांचे, पुढे सतराचे. त्यानंतर बदली, मग बोट. तीन-चार महिन्यांच्या मुक्कामासाठी कोण घर बांधील? माझ्या मते हा तर्क अपुरा होता. एक शिपाई जाई, पण त्याच्या खाटेवर दुसऱ्या दिवशी दुसरा येई आणि त्याचीही बायको असे. माणसे बदलत होती, गरज कायमची होती.

पैशांचेही पाहा. जून १९४२ च्या कायद्याने साध्या शिपायाच्या बायकोला महिना ५० डॉलर ठरले. त्यातले २२ नवऱ्याच्या पगारातून कापायचे, २८ सरकारने घालायचे. शिपायाचा पगारच ५० डॉलर. म्हणजे विमा आणि धुलाई वळती होण्याआधी त्याच्या हाती २८ उरत. एक मूल असेल तर बायकोला ६२ डॉलर. ऑक्टोबर १९४३ नंतर ते ८० झाले. यात भाडे, जेवण, दूध आणि पुढच्या बदलीच्या गावचे तिकीट. जानेवारी १९४२ च्या भावनियंत्रण कायद्याने अशा गावांतली भाडी गोठवली खरी. पण खाटेचे वेगळे, इस्त्रीच्या विजेचे वेगळे, हे कुठल्या कायद्याने थांबते?

घरमालकिणीला खलनायिका करणे सोपे आहे. तिची बाजूही ऐकावी. तिचा मुलगा बहुधा लढाईवर, साखर आणि कॉफी रेशनवर, आणि एका संडासाला चार कुटुंबे. अशा घरात ‘स्वयंपाकघर वापरायची मुभा’ असलेली खोली म्हणजे भाग्यच. ती मुभा कशी, तर घरच्यांचे आटोपल्यावर चुलीचा एक बर्नर, बर्फाच्या पेटीतला एक कप्पा, त्यात आपल्या नावाची चिठ्ठी लावलेली दुधाची बाटली. मुभा नसेल तर कपाटाआड लपवलेली विजेची शेगडी, आणि खिडकी उघडी ठेवून तळलेले अंडे. मूल असले की दार बंद. दिवस गेलेले दिसू लागले की खोली सोडायची सूचना. आणि गावाच्या नजरेत छावणीभोवती एकटी फिरणारी बाई आधीच संशयित. छावण्यांजवळच्या वेश्याव्यवसायावर केंद्राने १९४१ मध्ये ‘मे ॲक्ट’ हा बंदीचा कायदा आणला होता. म्हणून लग्नाचा दाखला पर्समध्ये ठेवणे शहाणपणाचे ठरे.

खोल्या शोधल्या त्या अखेर बायकांनीच. १९४१ मध्ये शिपायांच्या सोयीसाठी सहा संस्थांनी मिळून उभारलेल्या यूएसओच्या केंद्रांत आणि प्रवाशांना मदत करणाऱ्या ट्रॅव्हलर्स एडच्या टेबलावर याद्या असत. पण चांगली खोली यादीपर्यंत पोहोचायचीच नाही. जिच्या नवऱ्याची बदली येई ती आधी मैत्रिणीच्या कानात सांगे, आणि सकाळी एकीची ट्रंक बाहेर तर दुपारी दुसरीची आत. कुठल्या दाराची पायरी चढू नये, कुठे भाडे आठवड्याचे घेतात, कुठला डॉक्टर मार्च १९४३ पासूनच्या सरकारी योजनेत बाळंतपण फुकट करतो, हे ज्ञान तोंडोतोंडी फिरे. त्या योजनेखाली बारा लाखांच्या आसपास बाळंतपणे झाली. अशाच एका शिपायाच्या बायकोने, बार्बरा क्लॉ यांनी, निओशोतल्या आपल्या मुक्कामावर ‘कॅम्प फॉलोअर’ हे पुस्तक लढाई चालू असतानाच लिहिले.

काळ्या शिपायाच्या बायकोला याद्याही निम्म्याच उपयोगाच्या. दक्षिणेत तिला हॉटेलचे दार बंद, गोऱ्या वस्तीतली खोली बंद. गावातल्या काळ्या कुटुंबांनी सामावून घेतले तर ठीक. काळ्या शिपायांच्या ९२ व्या आणि ९३ व्या डिव्हिजनचे शिक्षण झाले ते ॲरिझोनाच्या ओसाडीतल्या फोर्ट हुआचुकात, तिथे तर अशी जुनी वस्तीही जवळ नव्हती. मिसिसिपीतल्या कॅम्प शेल्बीत ४४२ व्या रेजिमेंटचे जपानी वंशाचे जवान शिकत होते. त्यांच्यातल्या कित्येकांचे आईवडील आणि भावंडे सरकारनेच काटेरी तारांआड ठेवली होती. कुटुंबाच्या निवासाची सोय सरकारने केली, ती अशीही.

रीतसर घरे आली युद्धानंतर. सिनेटर केनेथ व्हेरी यांचा कायदा १९४९ चा, होमर केपहार्ट यांचा १९५५ चा. खासगी बांधकामाला सरकारी हमी देऊन लष्करी तळांवर आणि त्यांच्या आसपास कुटुंबांसाठी वसाहती उभ्या राहिल्या. व्हेरीची घरे अरुंद म्हणून पुढे टीका झाली, पण नळ, न्हाणीघर आणि स्वतःची चूल तर होती. मात्र घर मिळे ते नोकरीत मुरलेल्याला. खालच्या हुद्द्याचा, नुकता भरती झालेला शिपाई कुटुंबाच्या क्वार्टरला पात्रच नसे. व्हिएतनामच्या दिवसांत, आता फोर्ट झालेल्या त्याच पोकवर पायदळाचे शिक्षण जोरात होते, तेव्हाही अशा शिपायाच्या बायकोला खोली किंवा ट्रेलर वेशीबाहेर, आपल्या खर्चाने, स्वतःच बघावा लागे.