आडनाव एक, स्पेलिंगं अनेक!

नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वहीत पणजोबांचं नाव सापडलं की अंगावर रोमांच उभे राहतात. इंग्लंडमधल्या माणसाला हाच आनंद देतात पॅरिश रजिस्टरं, म्हणजे गावच्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदवह्या. पण तिथे पूर्वज शोधायचे तर एकाच स्पेलिंगवर अडून चालत नाही. का? वाचा तर!

दोन कुलपांची पेटी
१५३८मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने फर्मान काढलं : आठवडाभरातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं दर रविवारी वहीत लिहा. वहीसाठी दोन कुलपांची पेटी. एक किल्ली पाद्र्याकडे, दुसरी चर्चच्या कारभाऱ्यांकडे!

‘गुलिएल्मुस’ कोण?
साक्षात विल्यम शेक्सपिअर! स्ट्रॅटफर्डच्या होली ट्रिनिटी चर्चच्या रजिस्टरात २६ एप्रिल १५६४ रोजी त्याचा बाप्तिस्मा याच लॅटिन नावाने नोंदलाय. जन्मतारीख मात्र कुठेच नाही. २३ एप्रिल ही जयंती बाप्तिस्म्यावरून अंदाजाने धरलेली आहे.

नवरदेव तोच, आडनावं दोन
नोव्हेंबर १५८२मध्ये त्याच्या लग्नासाठी वुस्टरच्या बिशपच्या दफ्तरात लागोपाठच्या दोन दिवशी दोन नोंदी झाल्या. एकीत वर ‘शॅक्सपिअर’, वधू ॲन व्हेटली. दुसरीत वर ‘शॅगस्पिअर’, वधू ॲन हॅथवे! बहुतेक अभ्यासक ‘व्हेटली’ हा लेखनिकाचा हस्तदोष मानतात. आडनाव कानावर पडेल तसं लिहायचं, हीच तेव्हाची रीत होती.

आधी डिसेंबर, मग फेब्रुवारी
१७५२पर्यंत इंग्लंडमध्ये सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे डिसेंबर १७०० नंतर यायचा फेब्रुवारी १७००! शेक्सपिअरच्या जुळ्यांचा बाप्तिस्मा आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १५८५मधला, पण तेव्हाच्या हिशेबाने तो १५८४मध्येच मोडतो.

कफनही लोकरीचंच
लोकरीचा धंदा वाढावा म्हणून १६६६पासून मृतदेह लोकरीच्या कापडातच पुरण्याची सक्ती झाली. पुढे तसं प्रतिज्ञापत्रही द्यावं लागे, नाहीतर पाच पौंड दंड! दफनाच्या नोंदीशेजारी ‘ॲफिडेव्हिट’ दिसलं, तर कारण हे.

नोंदीवर कर
१७८३मध्ये सरकारने प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर बसवला. गरिबांना माफी होती. म्हणून त्या काळातल्या नावापुढे ‘पी’ दिसला, तर तो बहुधा ‘पॉपर’चा, म्हणजे निर्धनाचा. १७९४मध्ये हा कर उठला.

उच्चारावरून शोध
सारख्या उच्चाराच्या आडनावांना एकच खूण देणाऱ्या ‘साउंडेक्स’ पद्धतीचं पेटंट अमेरिकेत १९१८मध्ये निघालं. ‘आय’वाला स्मिथ आणि ‘वाय’वाला स्मिथ, दोघंही ‘एस ५३०’. गंमत म्हणजे शॅक्सपिअर आणि शॅगस्पिअर ‘एस २१६’मध्ये एकत्र येतात, पण आजच्या रूढ स्पेलिंगचा शेक्सपिअर मात्र ‘एस २२१’मध्ये जातो! अशा पद्धतीवर सगळा भार टाकू नये, तो यासाठीच.

आपल्या वसई-गोव्यात
कॅथलिक चर्चने १५६३मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेत बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदी बंधनकारक केल्या. आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आलेलं ‘द ब्रिटो’ मराठीत ‘दिब्रिटो’ झालं, तर ‘द सौझा’चे डिसोजा, डिसोझा, डिसूझा असे अनेक अवतार झाले. वसईच्या धर्मग्रामांमध्ये, म्हणजे पॅरिशमध्ये, शोध घेणाऱ्यांसाठी एक गुरुकिल्ली : स्नानसंस्काराच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या, नोंदीशेजारी समासात बघा. त्या व्यक्तीच्या लग्नाची नोंद बऱ्याचदा तिथेच सापडते.

तेव्हा शोधाला निघण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना आडनाव मोठ्याने म्हणायला सांगा, जितक्या तऱ्हांनी लिहिता येईल तितकी यादी करा आणि मगच धर्मगुरूंकडे वही पाहण्याची रीतसर परवानगी मागा. आणि हो, घरातली माहीतगार मंडळी आहेत तोवरच हे काम उरकून घ्या!